कडेच्या दोन ओळी

वनखात्याच्या चौकीवरच्या मुलीने वही पुढे सरकवली. मल्हाररावांनी पेन हातात घेतलं आणि मागे न बघताच म्हणाले, "हिला सही येत नाही. अंगठा घ्या." हे ते कन्नडमध्ये म्हणाले आणि इतकं सहज म्हणाले की त्यात काही बोलल्यासारखंच नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचे, तसं. मुलीचं नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, भव्या. मथुराने ते वाचलं होतं. भव्याच्या डोक्यामागच्या कागदावर जंगलात काय करू नये ते लिहिलं होतं, तेही तिने वाचलं होतं: मोठ्याने बोलू नये, प्लास्टिक टाकू नये, दोनच्या आत परत यावे. आणि तरी नवऱ्याने अंगठा म्हटल्याबरोबर तिचा हात आपोआप पुढे गेला. तोंड गप्प राहिलं आणि हाताने चव्वेचाळीस वर्षांची सवय पाळली. भव्याने शाईची डबी उघडली, अंगठा दाबला, उचलला. वहीत नुसता निळा डाग. "अज्जी, रेघा कुठे गेल्या तुमच्या?" ती हसून म्हणाली. मल्हाररावही हसले. "काज करून करून घासल्या," ते म्हणाले. "आमच्या साऱ्या सारक्कीत शर्टाला हिच्यासारखे काज कोणाचे नव्हते." ते कौतुकाने म्हणाले, आणि त्या कौतुकानेच तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. मल्हाररावांची स्वतःची सही रेघ सोडून वरच्या माणसाच्या नावात घुसली होती. तिने ते पाहिलं, पण पाहून ठेवलं नाही. रागात माणसाला एकच गोष्ट दिसते.

थंडी चांगली होती. जानेवारीचा पहिला आठवडा, नऊ वाजून गेले तरी बांबूच्या शेंड्यांवरून धुकं हललं नव्हतं. मल्हारराव पुढे, कानटोपी घालून, हात पाठीमागे बांधून. ती मागे, पिशवी घेऊन. पिशवीत अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं, उप्पीट, पाण्याची बाटली, आणि तळाला, फडक्यात गुंडाळलेलं निळं इनलँड पत्र. ही सहल मुलाची, गिरीराजची कल्पना. तो महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याला आणि बायकोला, सौम्याला, दर रविवारी कुठला तरी डोंगर लागतो. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून त्याने फोनवरच दोन नावं घातली. "सोपी वाट आहे, अम्मा. स्वल्प चढ आहे. वरून तुझं हुणसेकट्टे दिसतं म्हणे." पोराला काय माहीत. हुणसेकट्टे तिचं माहेर. कनकपुरा रस्त्याला लागलं की एका बसचा पल्ला. एक बस. गेले अकरा दिवस ती मनात तेवढंच म्हणत होती. एक बस.

लिहावाचायला शिकायची सुरुवात झाली ती त्या अंगठ्यामुळेच. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा, मागे रांग. खालच्या घरातल्या धनलक्ष्मी टीचर रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, अंगठा संपला तर संपू दे, सही शिका." दुपारी मल्हारराव दुकानाची फळी लावून तासभर पडत, तेवढ्या वेळात ती खाली जाई. दोन वर्षं. वय बासष्ट ते चौसष्ट. आधी लाजेने सांगितलं नाही, मग मजेने. म्हटलं, पुरतं येऊ दे, मग एके सकाळी ह्यांच्या हातातून पेपर ओढून घ्यायचा आणि खाडखाड वाचायचा. तोंड कसं होईल ह्यांचं. ती एकटीच भांडी घासताना हसायची. धनलक्ष्मी टीचर म्हणाल्या, आता घरातलं काहीतरी वाचा, आपल्या माणसांचं. तेव्हा तिने बिस्किटाचा जुना डबा काढला. त्यात थोरल्या भावाची, भीमसेनअण्णाची, पत्रं होती. तिच्या घराण्यात तीनशे वर्षं घरात बोलणं मराठी आणि लिहिणं कन्नड. अण्णा मराठीच लिहायचा, पण कन्नड अक्षरांत. म्हणजे ती पत्रं वाचायला मराठी येणारा माणूस लागतच नव्हता! शेजारची शाळेतली कुठलीही पोरगी काही न कळता नुसते उच्चार करत गेली असती, आणि ऐकणाऱ्या मथुराला शब्दन् शब्द कळला असता. हे तिला चौसष्टाव्या वर्षी सुचलं. तेव्हा सुचलं नाही, कारण विचारायचं कशाला? घरात वाचणारा नवरा होता. संध्याकाळी शिलाईचं मशीन बंद करून, चष्मा चढवून, दिव्याखाली बसून तो वाचायचा आणि शेवटी नेहमी म्हणायचा, "बाकी सगळं क्षेम." आणि ती समाधानाने मान डोलवायची.

वाट फुटली तिथे पाटी होती. मल्हारराव तिच्यासमोर थांबले. हात पाठीमागेच. पुरेसा वेळ थांबले. मथुरा मागून आली तोवर तिने पाटी वाचून संपवली होती. रंग उडालेला, पण अक्षरं ठसठशीत: उजवीकडची वाट बंद आहे. हत्तींचा वावर. जाऊ नये. माथ्याकडे डावीकडून. दोरी होती, पण सुटून गवतात पडली होती. मल्हारराव म्हणाले, "उजवीकडे. माथा उजवीकडे लिहिलाय."

ती बघतच राहिली. म्हणजे पाटीसुद्धा. ह्या माणसाला खोटं वाचायला आता कारणही लागत नाही. लाकडाच्या फळीवर सरकारने लिहिलेलंसुद्धा तो आपल्या मनाचं वाचणार, आणि मागून बायको येणार.

"नक्की?" तिने विचारलं.

"मग काय. चल, सावकाश चल."

"सरी, चला," ती म्हणाली. आणि निघाली. जाऊ दे. कुठवर नेतो बघू. हत्ती येवो नाहीतर त्याचा बाप येवो. हा माणूस खोटं कुठवर रेटतो ते तिला ह्या डोळ्यांनी बघायचं होतं.

उजवीकडची वाट वापरात नव्हती. घाणेरीच्या फांद्या लुगड्याला ओढत होत्या. एका ठिकाणी बांबू पिळून मोडलेले, मोडलेली जागा ओली, पांढरी. पुढे लेंडाचा ढीग, गार हवेत त्यातून बारीक वाफ निघत होती. मल्हाररावांनी पाय अगदी त्याच्या कडेला टाकला आणि पुढे गेले. "कसला वास गं?" "गुरांचा," ती म्हणाली. आत भीती होती की राग, ते तिला निवडता येईना. तिला अडतीस वर्षांपूर्वीचा तो मे महिना दिसत होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शाळेच्या गणवेशाचे तीनशे शर्ट, जूनच्या एक तारखेला द्यायचे. शर्टाला सात काज. मल्हारराव कापायचे, शिवायचे, ती काज करायची, गिरीराज दोन वर्षांचा, पायाला दोरी बांधून मशीनच्या पायाला अडकवलेला. आणि त्या दिवसांत अण्णाचं पत्र आलं. मल्हाररावांनी वाचलं: आई बरी आहे, फणसाला यंदा फार फळं लागली, तळ्याला पाणी कमी, बाकी सगळं क्षेम. फणस! ती किती दिवस फणसाचं बोलत होती. शेजारणींना सांगत होती, आमच्याकडे फणस लागलेत. काज करता करता गुणगुणत होती. सहाव्या दिवशी तार आली. ती गेली तोवर आईला पोचवून झालं होतं. अण्णा विहिरीपाशी उभा होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "झाले का शर्ट पुरे?" तिला वाटलं, दुःखात माणूस काहीही विचारतो. ती म्हणाली, "झाले, अण्णा. तीनशेचे तीनशे." अण्णाने पाठ फिरवली. मग बावीस वर्षं जगला आणि त्या पाठीचा अर्थ तिला कळला नाही. मोठ्या भावाचा स्वभावच तसा, असं ती लोकांना सांगत राहिली. अकरा दिवसांपूर्वी जमिनीवर बसून, बोट ठेवून ठेवून, तिने ते पत्र लावलं. अख्खी दुपार गेली. फणस कुठेच नव्हता.

चढ संपला तसा मोकळा कातळ आला. हा माथा नव्हता, पण खाली सगळं दिसत होतं. धुकं फाटलं होतं. लांब एक तळं चमकत होतं, त्याच्या बांधावर चिंचांची काळी रांग. हुणसेकट्टेच. तिला घर दिसलं नाही, पण घराची दिशा दिसली. मल्हारराव धापा टाकत बसले. "छान वाटतं," ते हवेकडे बघत म्हणाले. तिने उप्पीट काढलं नाही. पत्र काढलं.

"वाचा."

"काय आहे?"

"अण्णाचं. जुनं. गाव समोर आहे, म्हटलं ऐकावं."

तिने हे कितीदा मनात घोळवलं होतं. तो वाचायला लागेल, त्या ओळीपाशी येईल, अडखळेल. त्या अडखळण्यासाठी ती डोंगर चढली होती. मल्हाररावांनी चष्मा पुसला, पत्र दोन्ही हातांत धरलं, घसा साफ केला. "चिरंजीव मथुरेस अण्णाचा आशीर्वाद. इकडे सगळी मंडळी खुशाल. पाऊस चांगला झाला. तळं भरलं. नाचणी बरी आहे. बाकी सगळं क्षेम." कुठेही अडखळले नाहीत. पत्र वैशाखातलं होतं. कसला पाऊस? तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे ओळींवरून सरकत नव्हते. कागदाच्या वर, कुठेतरी मध्येच थांबले होते. तिला वहीतली सही आठवली, वरच्या नावात घुसलेली. पाटीसमोर पाठीमागे बांधलेले हात आठवले. दसऱ्यापासून ते नवीन कापड कापायला घेत नव्हते, गुडघा दुखतो म्हणत होते. सकाळी पेपर वाचून दाखवायचे ते आदल्या रात्रीच्या बातम्यांतलंच असायचं.

"इथे काय लिहिलंय?" तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"तेच गं, क्षेम."

"तुम्हाला दिसत नाही."

"स्वल्प धूसर. थंडीचं होतं."

"कधीपासून?"

त्यांनी पत्र मांडीवर टेकवलं. मग म्हणाले, "मधलं जातं. कडेचं दिसतं. आता तुझ्याकडे बघतोय ना, तर तोंड नाही दिसत. कान दिसतोय." आणि हसायचा प्रयत्न केला. "कुडी दिसतेय."

दुसऱ्या कोणा बाईला इथे दया आली असती. मथुराला जो राग आला तसा त्या अकरा दिवसांतही आला नव्हता. ज्या डोळ्यांनी ती ओळ वाचून गिळली ते डोळेच आता जागेवर नव्हते. पकडायला गेली तर चोर घरात नाही, नुसता हा कानटोपीतला म्हातारा, ज्याला ते पत्र कुठलं तेसुद्धा कळलं नव्हतं. तिने पत्र हिसकावून घेतलं. बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सावकाश, अक्षराला अक्षर जोडत. "मथुरेस, आशीर्वाद. आईला..."

"तुला वाचता येतं?" मल्हारराव अर्धे उठले. त्यांचं तोंड एकदम उजळलं. "अगं मथुरे! कोणी शिकवलं? कधी? अगं..." ते खरोखर खूश झाले होते. हेच तोंड तिला बघायचं होतं दोन वर्षं, आणि आता त्याच तोंडावर तिला एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

"ऐका. आईला गिळवत नाही. आठ दिवस झाले. रोज विचारते, मथुरा आली का. दाराकडे तोंड करून निजवलंय. मिळेल त्या बसने ये. भावजी, हे तुम्हीच वाचाल, तिला आजच बसमध्ये बसवून द्या."

खाली कुठेतरी बांबू कडाडला. दोघांनी ऐकलं. मल्हाररावांनी विचारलं नाही, कुठलं पत्र. आठवत नाही म्हणाले नाहीत. ते ऐकता ऐकताच ओळखून बसले होते, म्हणजे अडतीस वर्षं ते त्यांच्यापाशी होतं.

"शर्ट होते," ते म्हणाले.

"हो."

"एक तारखेला द्यायचे होते. काज तुझ्याशिवाय कोण करणार? अण्णाला मी कार्ड टाकलं, शर्ट पुरे झाले की आठ दिवसांनी पाठवतो. मला वाटलं, म्हातारी टिकेल."

"म्हातारी कोण?" तिचा आवाज कातळावर आपटला. "छप्पन्न वर्षांची होती माझी आई. मी आज चौसष्टची आहे. मला म्हातारी म्हणा. फणस कुठून काढलात? तेवढं सांगा. फणस कशाला काढलात? नुसतं बरी आहे म्हणायचं होतं. मी गात होते हो तिथे बसून. ती दाराकडे बघत होती आणि मी गात होते."

मल्हाररावांचा हात गुडघ्यावर उघडझाप करत होता, कात्री धरल्यासारखा. मग ते म्हणाले, "त्या पत्रावर कडेला आडवं काहीतरी लिहिलं होतं. घडीच्या पट्टीवर. दोन ओळी. काय होतं ते माझ्या लक्षात नाही राहिलं. किती वर्षं आठवतोय मी. तेवढं वाच."

ते होतं. बारीक, जोडाक्षरांत गिचमिडलेलं, शाई घडीत पसरलेली. तिला ते त्या दुपारीही लागलं नव्हतं. "नाही लागत," ती म्हणाली. उप्पीट तसंच पिशवीत गेलं.

उतरताना मल्हाररावांनी हात पुढे केला. तिने धरला नाही. पुढे झाली आणि मागे न बघता सांगत राहिली. "दगड. डावीकडे. खड्डा. फांदी, मान खाली घाला." एकेक शब्द फेकत होती आणि ते मागून ते शब्द वेचत येत होते. लेंडापाशी ती म्हणाली, "हत्तीचं आहे. मघाशीही हत्तीचंच होतं." ते थबकले. पाटीपाशी आल्यावर त्यांनीच विचारलं, "काय लिहिलंय ह्याच्यावर?" तिने वाचून दाखवलं. वाट बंद आहे. हत्तींचा वावर. जाऊ नये. एकही शब्द गाळला नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वाचलं होतंत ना."

ह्या बाईने आपल्याला मरायला जाऊ दिलं आणि स्वतःही मागून आली, हे त्यांच्या आत हळूहळू उतरताना तिने पाहिलं. तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

चौकीवर भव्याने परतीची वेळ लिहिली. "अज्जी, पुन्हा अंगठा?" मथुराने पेन घेतलं आणि सकाळच्या निळ्या डागाशेजारी नाव लिहिलं. तीन अक्षरं, आडदांड, वहीची रेघ बरोबर पकडून. भव्या म्हणाली, "सकाळी तर अज्जा म्हणाले..." "अज्जा सकाळी बरंच म्हणाले," मथुरा म्हणाली. मल्हाररावांनी पेन हातात घेतलं आणि कागदावर धरून उभे राहिले. ती काहीतरी म्हणेल म्हणून थांबले होते. "ह्यांना दिसत नाही" एवढे तीन शब्द सकाळसारखेच सहज म्हणून टाकता आले असते. तिने म्हटले नाहीत. थांबू दे, म्हटलं. मग त्यांनी आपली आपण केली सही. ती कुठे गेली ते तिने बघितलं नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन कलतं होतं, सरळ मांडीवर येत होतं. हुणसेकट्ट्याचा फाटा मागे जात होता आणि बस उलट्या दिशेने शहराकडे चालली होती. मल्हारराव शेजारी, तोंड तिच्याकडे पण जरा तिरकं, कडेने तिला पकडायला बघणारं. तिने पत्र उघडून घडीची पट्टी उन्हात धरली. अक्षरं तशीच होती, ऊन फक्त चांगलं होतं. एक अक्षर सुटलं. त्याच्या पोटातलं दुसरं. बस खड्ड्यात गेली की ओळ हरवायची, मग पुन्हा बोट. सारक्कीच्या अलीकडे कुठेतरी सिग्नलला बस थांबली आणि ते सगळं एकदम जुळलं. आई सांगते, जावईबापूंचे कामाचे दिवस आहेत. ते नको म्हणाले तर भांडू नको, रुसू नको. त्यांचं बरोबर आहे. नंतर ये.

तिने पुन्हा वाचलं. मग आईवर राग आला, दाराकडे तोंड करून पडलेल्या, घास न गिळवणाऱ्या आणि तरी जावयाची बाजू घेणाऱ्या त्या बाईवर. सगळे मिळून ह्याला माफ करून सोडून द्यायला बसले होते. डोळे गेले म्हणून सोडा. आईने सांगितलं म्हणून सोडा. अडतीस वर्षं हा माणूस ह्या दोन ओळी शोधत होता आणि त्या तिच्या मांडीवर होत्या. उच्चारायलाही फार नव्हत्या. एक सिग्नल पुरला असता.

"लागलं का काही?" मल्हाररावांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता. "काय म्हणतो अण्णा?"

सिग्नल सुटला. मथुराने पत्र जुन्या घड्यांवरच मिटलं, फडक्यात गुंडाळलं, पिशवीच्या तळाला घातलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं क्षेम."

मल्हाररावांनी थोडा वेळ तिच्या कानाकडे पाहिलं. मग ती डोलवायची तशी मान डोलवली.